परदेशातली मास्तरकी आणि तिकडचे शनिवार-रविवार

खडूफळा | रविवार, दुपारी ३:२०

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगं तू ना ती, थायलंडला फिरत होतीस ती?" फिरत! अहो काकू, नोकरी करत होते हो मी, आठवड्याला २२ तास, एकेका वर्गात ४५ पोरं, आणि शनिवारी कधी इंग्लिश कॅम्प तर कधी शाळेची मिरवणूक. पण त्यांचीही चूक नाही, मीच फेसबुकवर फक्त शनिवार-रविवारचे फोटो टाकायचे. मंगळवारी दुपारी दोनला पंख्याखाली घामाघूम होऊन "हीज, शीज" घोकून घेतानाचा फोटो कोण टाकतं?

तर म्हटलं एकदा लिहूनच काढू. इथे अजून कोणी परदेशात इंग्रजी शिकवलं असेल तर त्यांनीही लिहा.

मी २०१६ च्या मेमध्ये गेले, २०१९ च्या मार्चमध्ये परत आले. गाव रात्चाबुरी, बँकॉकच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर. पाण्याचे मोठे रांजण बनतात तिथे, त्यावर ड्रॅगन काढलेले असतात. शाळा सरकारी. पहिल्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिली तर पोरं हसायला लागली, कारण त्यांच्या कॅलेंडरवर साल होतं २५५९. बुद्धाचं वर्ष, आपल्यापेक्षा ५४३ नी पुढे.

रोजचं म्हणाल तर पावणेआठला गेटवर उभं राहायचं, येणारं प्रत्येक पोरगं हात जोडून वाकणार, आपणही जोडायचे. बरोब्बर आठला झेंडा आणि राष्ट्रगीत. (संध्याकाळी सहाला परत वाजतं, स्टेशनावर, बागेत, आणि चालणारी माणसं जिथल्या तिथे उभी राहतात. पहिल्यांदा मी एकटीच चालत होते.) मग वर्गात शिरलं की अख्खा वर्ग उठून एका सुरात "गुड मॉऽऽर्निंग टीऽऽचर", आणि आपण हाऊ आर यू म्हणायचा अवकाश की "आयॅम फाइन थँक्यू अँड यू" हे एका दमात, स्वल्पविराम नाही काही नाही. एक पोरगी तापाने फणफणलेली होती, तीसुद्धा आयॅम फाइन.

आणि नावं! खरी नावं लांबलचक संस्कृत, पण शाळेत सगळे टोपणनावानेच. माझ्या एका वर्गात बँक, बेन्झ, गोल्फ, आइस आणि बीअर. "बीअर, सिट डाउन" हे मी रोज म्हणायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच.

सगळ्यात लख्ख आठवतो तो जूनमधला एक गुरुवार, वाय ख्रू, म्हणजे गुरुवंदनेचा दिवस. ख्रू म्हणजे आपला गुरूच. पोरं गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांची तबकं देतात, आणि त्या तबकात ठरलेल्या गोष्टी असतात : रुईमांदारासारखं काही नाही, चक्क वांग्याची फुलं, खेमची म्हणजे त्या लाल गुच्छाच्या एक्झोराची फुलं, आणि दूर्वा. मी त्या पात्या हातात घेऊन बघतच बसले. लहानपणी आजी दर गणपतीला निवडायला बसवायची, तीन पात्यांची हवी, पाच पात्यांची हवी, त्याच दूर्वा हो. शेजारच्या थाय बाईंनी सांगितलं की ही तुडवली, कापली तरी परत वाढते, तसं पोराचं ज्ञान वाढावं. आणि वार गुरुवारच, कारण तो त्यांच्याकडेही बृहस्पतीचा.

बाकी वीकेंडचं पुढच्या प्रतिसादात टाकते, कुकर लावायचाय.


एक_ते_चार | रविवार, दुपारी ४:०५

(झोप झाल्यावर वाचलं.) छान लिहिलंय. एक शंका. इथे पुण्यात पोरांना मराठी धड येत नाही, आणि पुण्याच्या बाई थायलंडच्या पोरांना इंग्रजी शिकवणार. मधल्यामधे विमान कंपनीचं भलं झालं म्हणायचं.


खडूफळा | रविवार, संध्याकाळी ६:१०

@एक_ते_चार, विमानाचं तिकीट माझ्याच पैशाने काढलं होतं, त्यामुळे भलं माझ्या खर्चाने झालं.

हां, तर वीकेंड. पहिले दोन महिने शनिवार म्हणजे कपडे. बिल्डिंगखाली नाणी टाकायची वॉशिंग मशीन्स, सकाळी सातलाच नंबर लावायचा. रविवार म्हणजे आठवड्याची वर्कशीट्स. मग हळूहळू कळलं की सोंगथाओत (आपल्या वडापसारखी, पिकअपच्या मागे दोन बाकडी) बसलं की कुठेही जाता येतं. आणि पाट्या वाचता यायला लागल्या तशी मजा यायला लागली. म्हणजे लिपी शिकले, पण शब्द तर आपलेच निघाले की. अहान म्हणजे आहार, फासा म्हणजे भाषा, महाविथ्थयालय म्हणजे काय ते सांगायला नको. नाखोन पथोम हे शहर म्हणजे नगर प्रथम. अयुथ्थया म्हणजे अयोध्या. रविवारला म्हणतात वान आथित, म्हणजे आदित्याचा वार, आपली आजी ऐतवार म्हणायची तोच. आणि एका खानावळीत "मांग्सविरत" हा शब्द वाचून मी जागच्या जागी नाचले होते, मांसविरती! व्हेज! तीन आठवडे नुसता भात आणि तळलेलं अंडं खाल्लेल्या बाईला त्या शब्दाची किंमत विचारा. तरी सुद्धा सगळ्यात फिश सॉस असतोच, पहिल्यांदा "नाम प्ला नको" हे वाक्य शिका, बाकी व्याकरण नंतर.

सगळ्यात लक्षात राहिलेली ट्रिप कांचनाबुरी. क्वाय नदीवरचा पूल बघायला सगळं जग येतं. त्या पुलावरून जाणारी डेथ रेल्वे सुरूच मुळी आमच्या शेजारच्या बान पोंग तालुक्यातून होते, नोंग प्ला दुक नावाच्या साध्याशा जंक्शनवरून. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी ४१५ किलोमीटर रूळ वर्षभरात टाकून घेतले, युद्धकैदी आणि मजुरांकडून. थर्ड क्लासच्या लाकडी बाकावर बसून गेलो, थाम क्रासेला गाडी डोंगराच्या कडेला चिकटलेल्या लाकडी पुलावरून इतकी हळू जाते की खिडकीतून हात बाहेर काढला तर कातळाला लागेल. सगळे फोटो काढत होते, मीही काढले.

मग गावात युद्धस्मशान आहे तिथे गेले. जवळजवळ ७००० थडगी. आत पाऊल टाकलं आणि एकदम खडकी! आपल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीसारखीच कापलेली हिरवळ, तोच उंच क्रॉस, तीच शांतता. माझं बालपण तिथून सायकलवर दहा मिनिटांवर गेलंय. नावं वाचत फिरले, वय २२, वय २४. पण त्या रेल्वेवर त्याहून किती तरी जास्त मेले ते आशियातले मजूर, त्यात मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ लोक पुष्कळ. त्यांच्या नावाचे दगड मला त्या हिरवळीत कुठे दिसले नाहीत. सोमवारी वर्गात "व्हॉट डिड यू डू ऑन द वीकेंड" असा धडा होता. मी म्हटलं, आय वेंट टु कांचनाबुरी. बीअर म्हणाला, "टीचर, बिग वॉटरफॉल?" हो म्हटलं. धबधब्याला मी गेलेच नव्हते.


सिंहगडरोडची_आई | रविवार, रात्री ९:३०

नमस्कार, मी फक्त वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या मुलीला (वय २४, एम.ए. इंग्लिश) थायलंडच्या एका शाळेचं पत्र आलंय, एका एजन्सीमार्फत. तिचे बाबा तयार नाहीत. एजन्सी म्हणतेय की आधी टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलून देऊ. हे बरोबर आहे का? आणि एकटी मुलगी म्हणून काही काळजी?


खडूफळा | रविवार, रात्री ९:४२

ताई, टुरिस्ट व्हिसावर अजिबात पाठवू नका. नॉन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा इथूनच घेऊन जायचा, मुंबईत त्यांची वकिलात आहे. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे, पकडलं तर भोगावं पोरीला लागतं, एजंट हात वर करतो. सविस्तर उद्या लिहिते.


धोनीवाला | रविवार, रात्री ११:५५

भारी धागा. मी मालदीवमध्ये होतो ३ वर्षं, एका छोट्या बेटावर, इंग्रजी आणि कमी पडेल तेव्हा गणित. (आयडीचं कारण : तिकडे होडीला धोनी म्हणतात. क्रिकेटशी संबंध नाही, दर वेळी सांगावं लागतं.)

लोकांना मालदीव म्हटलं की ते पाण्यावरचे बंगले आणि हनिमून दिसतं. बाराशेच्या आसपास बेटं आहेत, त्यातल्या दोनेकशे बेटांवर गावं. माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला १२ मिनिटं, रमतगमत गेलं तर १५. वीकेंड शुक्रवार-शनिवार. आता मजा ऐका, शुक्रवारी तेव्हा सरकारी फेरीच नसायची! म्हणजे सुट्टी आहे पण जायला होडी नाही. शनिवारी गेलात तर रविवारी सकाळी शाळेला परत कसे येणार याचा हिशेब घालायचा. मी पहिल्या शुक्रवारी बेटाला सात चकरा मारल्या, पाचव्या चकरेला लोक विचारायला लागले, सर काही हरवलं का.

मग शिकलो. संध्याकाळी किनाऱ्यावर जोली असतात, पाइपाच्या सांगाड्याला दोरीचं जाळं विणलेल्या खुर्च्या, पाचसहा एका रांगेत. मागे रेलून त्यात बसायचं आणि गप्पा. कट्टाच तो, फक्त चहाबरोबर खाऱ्या माशाचे तळलेले गोळे. मी कोकणस्थ, घरी अंडंही नाही, तिकडे दुसऱ्या महिन्यात मास हुनी खायला लागलो : टुना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, वर लिंबू, आणि सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळी हो, फक्त मैद्याची. आईला अजून सांगितलेलं नाही, ती हा धागा वाचत नाही अशी आशा.

त्रास एकच, पैसे घरी पाठवणं. पगार रुफियात आणि डॉलर मिळायची मारामार. दर महिन्याला कोणाकोणाला गाठून थोडे थोडे गोळा करायचे. आणि कंटाळा. कंटाळा सहन होतो का नाही यावर सगळं आहे, समुद्र कितीही निळा असला तरी तिसऱ्या महिन्यानंतर तो फक्त निळा असतो.


एक_ते_चार | सोमवार, दुपारी १२:५०

बेटाला सात चकरा मारून काही न सापडणारा माणूस पुण्यात पार्किंग शोधायला उत्तम.


चौथी_ब | सोमवार, दुपारी २:१५

मी जपान, हामामात्सूजवळ, शाळेत सहायक शिक्षक. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं सांगतो कारण एजंट हे सांगत नाहीत. जपानच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला जी भाषा शिकवणार त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण लागतं. म्हणजे मराठी माध्यमवाले बाद, मग तुम्ही कितीही फाडफाड इंग्रजी बोला. माझा मित्र नूमवि या मराठी शाळेतला, इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट बरं, शेक्सपिअर तोंडपाठ, त्याला नाही मिळाला. मी कॉन्व्हेंटातून धड स्पेलिंग न येता बाहेर पडलो, मला मिळाला. इंग्रजी शिकवायला कोरियाचा ई-२ व्हिसा तर मुख्यतः ठरावीक ७ देशांच्या पासपोर्टवाल्यांना.

वीकेंड : सेइशुन जुहाची किप्पू नावाचं तिकीट असायचं सुट्टीच्या सीझनमध्ये, माझ्या वेळी १२,०५० येनमध्ये ५ दिवस, फक्त साध्या गाड्या, शिंकान्सेन नाही. पाच दिवस सलग नसले तरी चालायचे, आता नियम बदललेत. हामामात्सूहून हिरोशिमापर्यंत गाड्या बदलत बदलत गेलोय, दिवसभर, डब्यात शाळेची पोरं चढताहेत उतरताहेत, म्हाताऱ्या भाज्यांच्या पिशव्या घेऊन. पुणे-लोणावळा लोकलची आठवण यायची, फक्त कोणी बोलत नाही. हीच ती भीषण गोष्ट, कोणी बोलतच नाही.


निमूट | सोमवार, संध्याकाळी ७:३०

@चौथी_ब, मराठी माध्यमाचा नियम वाचून डोकं फिरलं. म्हणजे भाषा येते का ते बघायचं नाही, शाळा कुठली ते बघायचं. थायलंडमध्ये पण असंच का?


खडूफळा | सोमवार, रात्री १०:२०

@निमूट, मी स्वतः मराठी माध्यम, दहावीपर्यंत. थायलंडमध्ये चाललं, पण "नेटिव्ह नाही" म्हणून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा ६०० चा स्कोअर मागितला. तो दिला. आणि पगार? माझ्या शेजारच्या टेबलावर एक गोरा मुलगा होता, स्वभावाने अगदी गोड, पदवी सागरी जीवशास्त्राची. त्याला माझ्यापेक्षा १०,००० बाथ जास्त, तेव्हा बाथ दोन रुपयांच्या आसपास होता, करा हिशेब. आणि प्रेझेंट परफेक्ट कधी वापरायचं ते तो मला विचारायला यायचा. "मला ऐकायला बरोबर वाटतं, पण का ते माहीत नाही." आम्ही तर्खडकरी व्याकरणावर वाढलेली माणसं, आम्हाला फक्त 'का' तेवढंच माहीत! जोडी छान जमली शेवटी, तो बोलायचा, मी समजवायचे. पण पगाराचं मात्र शेवटपर्यंत टोचलं, अजून टोचतं.

मी गेले त्या वर्षीच, २०१६ च्या १३ ऑक्टोबरला त्यांचे राजे भूमिबोल गेले. ७० वर्षं गादीवर. शाळेला तेव्हा सुट्टी होती, दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर काळे कपडे संपलेले. चौकात बायका मोठ्या पातेल्यात रंग उकळून घरातले कपडे काळे करत होत्या, रांग लागलेली. आम्हा शिक्षकांना वर्षभर काळं. आयुष्यात संक्रांत सोडून काळं न घातलेली मी, एक वर्ष रोज काळ्यात. (त्यांचं नवीन वर्ष सोंग्क्रान म्हणजे पण संक्रांतीच, पण एप्रिलमध्ये, आणि तिळगूळ नाही, अंगावर बादलीभर पाणी.)

पुढच्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला शुक्रवारी आली. शाळा होती. सकाळी रूमवर सुपारीचा गणपती मांडला, मोदक म्हणून बाजारातलं खोबऱ्याचं सारण भरलेलं काहीतरी ठेवलं, आणि शनिवारी पहाटे निघून बँकॉक, तिथून ट्रेनने चाचोएंगसाओ. तिथे वाट समान रत्तनाराम म्हणून देऊळ आहे, नदीकाठी. तिथला गणपती गुलाबी आणि पहुडलेला, १६ मीटर उंच, २२ मीटर लांब, अगदी जेवून आडवा झाल्यासारखा (एक_ते_चार यांना आवडेल). त्याला तिकडे फ्रा फिकानेत म्हणतात, विघ्नेश. भोवती वेगवेगळ्या रंगांचे मोठे उंदीर, वारानुसार. आपल्या जन्मवाराच्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हाताने बंद करायचा, नाहीतर इकडून ऐकलेलं तिकडून निघून जातं! एक आजोबा पायऱ्यांवर चढून कानात इतका वेळ बोलत होते की मागे रांग लागली. मी मराठीत सांगितलं. पगारवाढ झाली नाही. बहुतेक दुसरा कान नीट दाबला गेला नसावा.


धोनीवाला | सोमवार, रात्री ११:०५

किंवा उंदीर पण नेटिव्ह स्पीकरच घेत असतील.


एक_ते_चार | मंगळवार, दुपारी १२:३०

गुलाबी गणपतीबद्दल आमच्या पेठेतल्या मंडळांना कळवू नका, पुढच्या वर्षी देखावा होईल. बाकी वामकुक्षीला देवाचंच पाठबळ आहे हे वाचून समाधान वाटलं.


खडूफळा | मंगळवार, रात्री ९:१५

@सिंहगडरोडची_आई, उशीर झाला, सॉरी. माझ्या वेळचं सांगते, आता काय ते वकिलातीच्या साइटवर एकदा बघून घ्या. पोलिस क्लिअरन्स मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रातून. पदवीवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दूतावासाचा शिक्का. वेळ खातं ते हेच, सगळ्यात आधी हे हातात घ्या. करार शाळेशी आहे की एजन्सीशी ते बघा, माझ्या पहिल्या एजन्सीने शेवटच्या महिन्याचा पगार अजून दिलेला नाही. तिकडे दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, देशाबाहेर पडायच्या आधी री-एंट्री परमिट. माझ्या वेळी १००० बाथचं, विमानतळावर सुद्धा काउंटर असतो. मी दिवाळीला घरी यायच्या गडबडीत, चकलीचा साचा, आईसाठी सिल्क, बाबांना औषधी बाम सगळं लक्षात ठेवलं आणि हे विसरले. सुवर्णभूमीवरून विमान उडालं आणि तिकडे वर्षाचा व्हिसा संपला. परत मुंबई, परत फॉर्म, परत फोटो, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले तेव्हा पोचले. बीअर म्हणाला, "टीचर, वुई थिंक यू मॅरी."

एकटीची काळजी म्हणाल तर रात्री नऊला बाजारातून चालत घरी यायचे, पुण्यात जेवढी सावध असते तेवढीच. मोटारसायकल चालवू नको एवढं मात्र सांगा तिला, तिकडचे रस्ते त्या बाबतीत वाईट आहेत.


सिंहगडरोडची_आई | बुधवार, सकाळी ११:४०

खूप खूप धन्यवाद. मुलीने एजन्सीला नकार कळवला, थेट शाळेशी बोलली, ते नॉन-बीची कागदपत्रं पाठवताहेत. मुंढव्याची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळाली. तिचे बाबा अजून बोलत नाहीयेत पण काल रात्री हा धागा मोबाइलवर मोठे अक्षर करून वाचत बसले होते आणि मधेच हसले. बहुतेक उंदराला.

एक विचारायचं होतं, बरोबर काय काय देऊ? डाळी, भाजणी, कुकर?


खडूफळा | बुधवार, दुपारी १२:१०

वा! बाबांना नमस्कार सांगा.

डाळी नको, बँकॉकला फाहुरातमध्ये सगळं मिळतं. भाजणी आणि गोडा मसाला द्या, तो नाही मिळत. कुकर छोटा द्या, दोन शिट्ट्या जास्तीच्या घेऊन. पेढे नको, मुंग्या खातात. आणि साड्या द्या दोन तरी, सुती, फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून. आमच्या शाळेत दर शुक्रवारी पारंपरिक पोशाख असायचा, आणि निऱ्या कशा करतात ते बघायला स्टाफरूममधल्या सगळ्या बाया जमायच्या.